शेतातला जुना वाडा अन् चुन्याची भिंत

आजचा दिवस यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जुन्या शेतवाड्यात गेला. मालकांनी तो पाडला नाही, दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडला. सागवानी खांब, ओसरी, बंगई (झोपाळा) सगळं जागच्या जागी. मन मात्र भिंतींनी ओढून घेतलं.

मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका, हे कळकळीनं सांगतो. जोत्यातून चढलेली ओल मातीतून बाहेर पडत असते, सिमेंट ती आत कोंडतं. पायथ्याची माती मऊ होते आणि वरचा थर पोकळ होऊन सुटतो. इथे चुना वापरलाय. कळीचा चुना (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विरवून निदान पंधरा दिवस मुरवायचा, १ भाग चुन्याला ३ भाग चाळलेली वाळू. घाई केली तर न विरलेले खडे भिंतीत फुगतात, फोड येतात. भिंत आधी खरवडून, टोचे मारून ओली करायची, नाहीतर चुना धरत नाही. थर पातळ हवा आणि पुढे आठवडाभर पाण्याचा शिडकावा. आपल्याकडच्या उन्हात हे काम काढूच नये, तडे जातात.

कवेलू (छपरावरची कौलं) पावसाळ्याआधी फेरावेच, म्हणजे काढून पुन्हा नीट रचावेच लागतात. वानरं ते फोडतात, म्हणून जास्तीचे रचून ठेवलेत. फार शहाणपणाचं!

जेवायला रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) अन् वांग्याची भाजी. गोवऱ्यांचा जाळ बसल्यावरच रोडगे टाकायचे. जाळात टाकले की वरून करपतात, आत कच्चे राहतात. जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा.