गालावरचे वांग आणि ती चिठ्ठीशिवाय मिळालेली ट्यूब

धाकट्याच्या वेळी सहावा महिना चालू होता तेव्हा माझ्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग उमटायला लागले, आधी फिकट, चहा सांडून वाळला की राहतो ना तसे, मग वरच्या ओठावर पण. सासूबाई म्हणाल्या, वांग आहेत गं, बाळंतपणात येतात, जातील आपोआप. बऱ्याच जणींचे जातातही, माझे नाही गेले, पोरगं दीड वर्षाचं झालं तरी होते तिथेच.

मग सहाणेवर दुधात जायफळ उगाळून लावलं, लिंबू चोळलं (लिंबू लावून उन्हात गेलं की उलट चट्टे उठतात, प्लीज नका करू) आणि शेवटी शेजारच्या ताईंनी सांगितलेली एक ट्यूब मेडिकलमधून आणली. चिठ्ठी कोणी मागितलीच नाही. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की ऑफिसात सगळ्या विचारायला लागल्या, काय लावतेस गं? चार महिने रोज लावली. मग गावी गेले, ट्यूब घरीच राहिली, आणि तिसऱ्या दिवशी तोंड लालबुंद. भाकरी करायला चुलीपुढे बसले तर गालांवर मिरचीचा हात लागल्यासारखी आग. नीट बघितलं तर गालावर बारीक लव वाढलेली, लाल शिरा दिसत होत्या आणि डाग आधीपेक्षा गडद.

स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड, ती आग, लव आणि लाल शिरा त्याच्यामुळेच. तीन औषधं एकत्र करायची ही पद्धत खोटी नाही, 1975 साली क्लिगमन आणि विलिस यांनी ती मांडली आणि आजही वांगावर तशी क्रीम देतात, पण सौम्य स्टेरॉइडची, फक्त रात्री, मोजके आठवडे आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. आपण मात्र तीच गोरं व्हायची क्रीम म्हणून महिनोन्महिने फासतो. 2018 मध्ये सरकारने बऱ्याच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मला नंतर कोणी न विचारता दिली, याचा मला अजून राग येतो.

पहिले काही महिने डागांना हातच लावला नाही, आधी कातडी शांत करायची, असं डॉक्टर म्हणाल्या. तेव्हा त्यांनी समजावलं की वांग म्हणजे मळ नाही, घासून निघायला. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी हार्मोन्समुळे, उन्हामुळे, काहींच्या घराण्यातच असल्यामुळे जास्त रंग बनवतात, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही होतं. नुसतं ऊनच नाही, डोळ्यांना दिसणारा उजेड आणि गरमीसुद्धा त्यांना चेतवते. माझी ऑफिसची खुर्ची खिडकीशी, काच बंद, मला वाटायचं मी सावलीत आहे, पण उन्हातले कातडी काळी करणारे यूव्हीए किरण काचेतून येतात! खुर्ची बदलून घेतली.

आता रात्री डाग फिकट करणारं अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड आणि सकाळी टिंटेड सनस्क्रीन, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं मातकट रंगाचं, कारण पांढरं साधं सनस्क्रीन तो दिसणारा उजेड फारसा अडवत नाही. दोन बोटं भरून फक्त चेहरा आणि मानेला, दुपारी डब्यानंतर परत. सुरुवातीला मी मटारच्या दाण्याएवढंच लावायचे, त्याने काही होत नाही. स्कूटीवर स्कार्फ आहेच. वांगासाठी ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही असतात, पण देण्याआधी घरात कोणाला रक्ताच्या गाठीचा त्रास आहे का हे डॉक्टरांनी दोनदा विचारलं, त्यामुळे मैत्रिणीची चिठ्ठी बघून त्या घेऊ नका.

डाग पूर्ण गेलेले नाहीत, कडा पुसट झाल्यात, एप्रिल-मेमध्ये परत थोडे गडद होतात. ते मला चालतं आता.

एक मात्र आजच करा, तुमच्या कपाटातली क्रीम काढून मागे बघा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल या स्टेरॉइडांपैकी काही लिहिलेलं दिसलं आणि ती बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद करू नका, ट्यूब घेऊनच स्किनच्या डॉक्टरांकडे जा.