आजी म्हणाल्या, बल्ब मोठा होतो

२२ वर्षं वायरिंगची कामं करतोय, पण ही केस डोक्यातून जात नाहीये.

थ्री फेज कनेक्शनचं घर, म्हणजे वीज तीन वेगळ्या फेजच्या तारांनी येते आणि न्यूट्रल ही तिघींची परतीची सामाईक तार, तक्रार एकच, बल्ब टिकत नाहीत. आधीच्या माणसाने होल्डर बदलले, कंपनी बदला म्हणून सांगितलं, पण मीटर काही लावला नाही, असली कामं बघून खरंच चीड येते. मी दुपारी गेलो, तिन्ही फेज चेक केले, २३२-२३३ व्होल्ट, एकदम ओके. निघताना आजी म्हणाल्या, "अरे, गिझर लावला की माझ्या खोलीतला बल्ब मोठा होतो." मी "हो आजी" म्हटलं आणि निघालो.

लोड लागला की बल्ब बारीक होतो, म्हणजे उजेड कमी होतो, हे कुठेही दिसतं. मोठा होतो म्हटलं की न्यूट्रल बघायचा, कारण तो सैल असला की लोडच्या फेजवर व्होल्टेज पडतं आणि बाकीच्यांवर चढतं, हे मी स्वतः पोरांना शिकवतो.

३ आठवड्यांनी फोन आला, फ्रिजचा बोर्ड उडाला. आता आधी गिझर लावायला सांगितला. गिझरच्या फेजवर १८८, बाकी दोन्हींवर २५५! फेज टू फेज, म्हणजे दोन फेजच्या मध्ये, मात्र ४०० जागच्या जागी, म्हणजे सप्लाय चांगला, न्यूट्रलच सैल. मेन बंद करून बोर्ड उघडला तर न्यूट्रल लिंकमध्ये, म्हणजे न्यूट्रलच्या तारा जोडायच्या पट्टीत, अॅल्युमिनियम आणि तांबं एकाच स्क्रूखाली दाबलेलं. अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, गरम-गार होऊन स्क्रू ढिला पडतो, वर ऑक्साइडचा थर. तार काळी पडलेली, इन्सुलेशन वितळून स्क्रूला चिकटलेलं.

२५५ वर फिलामेंटचा बल्ब साधारण ४० टक्के जास्त उजेड देतो आणि आयुष्य पाव होतं. चांगल्या एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे आतलं सर्किट, करंट धरून ठेवतो त्यामुळे उजेडात फरक दिसतच नाही, आणि स्वस्तातले गुपचूप उडतात. घरभर एलईडी होते, जुना पिवळा बल्ब फक्त आजींच्या खोलीत, म्हणून ते फक्त त्यांनाच दिसत होतं.

टोकं कापून नवीन काढली, अॅल्युमिनियमला बायमेटल लग (दोन धातूंचं टोक) दाबून बसवला, तांब्याला वेगळा स्क्रू दिला, गिझर लावून परत मोजलं, २२९, २३१, २३१. मग त्यांच्या मुलाला स्पष्ट सांगितलं की आजींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं असतं तर फ्रिज वाचला असता.

तो म्हणाला, "आम्हालाही रोज सांगायची, आम्हाला वाटलं तिच्या डोळ्यांचंच काहीतरी असेल."