सीग्राम १:२०० – मलियन शेवटी बसले, पण त्यासाठी मागाची फणी आणावी लागली

मंडळी, न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या सीग्राम बिल्डिंगचं १:२०० मॉडेल करतोय, पण दीड महिना काही टाकलं नाही, कारण टाकण्यासारखं काही नव्हतंच. लॉबी आणि प्लाझा मागच्या वेळी दाखवला होता, त्यापुढचं सगळं काम दर्शनी बाजूच्या मलियननी, म्हणजे खिडक्यांमधल्या आय (I) आकाराच्या उभ्या धातूच्या पट्ट्यांनी, खाल्लं. आज पहाटे पाच वाजता कामाच्या खोलीत जाऊन बघितलं तर ३१ च्या ३१ पट्ट्या सरळ उभ्या! तिथेच खुर्चीवर बसून राहिलो, चहा पण नंतर केला.

आधी पहिला घोळ सांगतो. इमारतीचा गाळा (दोन खांबांमधलं अंतर) २७ फूट ९ इंचाचा, त्याचे सहा भाग, म्हणजे दोन मलियनमधलं अंतर ४ फूट साडेसात इंच. १:२०० ला ते ७.०५ मिमी येतं. मी पट्टीने ७ धरून आखलं, कारण पाव मिलिमीटरचा पण पाचवा भाग कोण बघतंय असं वाटलं. पण समोर पाच गाळे, म्हणजे मलियनमधली तीस घरं, आणि तिसाव्या घरापर्यंत जवळपास दीड मिमी सरकलं, वरचा मलियन खाली लॉबीच्या खांबाच्या रेषेत येईना. ज्याला माहिती नाही त्यालाही ते बघून काहीतरी चुकलंय असं वाटतं. आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहनी या बिल्डिंगमध्ये सजावट म्हणून काही ठेवलंच नाही हो, आहे ती फक्त ही उभ्या रेषांची लय, तीच गेली तर हातात तपकिरी खोकं उरतं.

दुसरा घोळ मटेरियलचा. एच सेक्शनच्या प्लास्टिक पट्ट्या मला १.५ मिमीच्या खाली कुठे मिळाल्या नाहीत आणि आपल्याला हव्यात पाऊण मिमी (मूळ मलियन सहा इंच खोल). पुण्याहून मागवलेल्या पट्ट्या तर साध्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आल्या, निम्म्या वाकलेल्या, फोन केला तर म्हणे बदलून मिळणार नाही. ऑनलाइन पट्टी मागवायची तर कडक पाइपमध्ये पॅक करून देणाऱ्याकडूनच मागवा, शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील.

मग पितळ. ०.६ ची गोल तार घेतली आणि ओळखीच्या सोनारकाकांकडे तार चपटी करायच्या रोलरमधून काढून आणली, साधारण ०.८ बाय ०.३५ ची पट्टी मिळाली. तिला पीळ राहतो, पण एक टोक शिकंज्यात आवळून दुसरं पकडीने जरासं ओढलं की ती दोरीसारखी सरळ होते. या सेक्शनमध्ये आय बीमचा आकार दिसणार नाही हे मान्य, पण सावली पडते, आणि लांबून सावलीच दिसते. शिवाय मूळ इमारतीच्या मलियनना ब्राँझ म्हणतात तरी तो आर्किटेक्चरल ब्राँझ म्हणजे तांबं आणि जस्तच, थोडं शिसं. आपल्या भाषेत पितळच की! हे कळल्यावर प्लास्टिकवर सोनेरी रंग मारायचा विचार कायमचा सोडला.

अंतराचा प्रश्न मात्र तसाच होता, आणि त्याचं उत्तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मिळालं. मित्राच्या वडिलांचे माग आहेत, त्याच्याबरोबर तिथे गेलो होतो, आणि कोपऱ्यात जुन्या फण्यांचा ढीग (फणी म्हणजे मागावरचे उभे धागे सारख्या अंतरावर धरणारा दातांचा पट्टा). उचलून बघितलं तर एकसारखे दात, एकही इकडचा तिकडे नाही. काकांना विचारलं, "ही कितीची?" तर म्हणाले, "छत्तीसची. दोन इंचात छत्तीस दात. घेऊन जा, गंज धरलाय." मी मोबाइलवर गुणाकार केला. एका दाताचं अंतर १.४११ मिमी, पाच दात म्हणजे ७.०५६. मला हवं होतं ७.०४९! तीस घरांत मिळून फरक पाव मिमीच्या आत. काकांना मूळ इमारतीचा फोटो दाखवला, ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर उभा ताणाच लावलाय रे." ताणा म्हणजे मागावर ताणून लावलेले उभे धागे.

फणीचा एक फूट तुकडा कापून वर लावला, एक खाली. दातांमधली फट पट्टीपेक्षा रुंद असते, म्हणून प्रत्येक पट्टी डावीकडच्याच दाताला टेकवायची, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे झालं की सगळं वाया. दोन दुपारी लावून सुपर ग्लूने पूर्ण उंचीत चिकटवल्या. इतकं देखणं दिसत होतं की घरच्यांना बोलावून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर अकरा पट्ट्या मध्येच फुगून बाहेर आलेल्या.

तीन दिवस मी ग्लूलाच दोष देत होतो, ब्रँड बदलला, काही फरक नाही. मग डोक्यात आलं की चिकटवलं दुपारी, पत्र्याच्या खोलीत ४१ डिग्रीला, आणि पहाटे तिथे २५. मागची शीट अ‍ॅक्रिलिकची, ती पितळेच्या साडेतीनपट प्रसरण पावते. पट्टीच्या ७४ सेंटीमीटर लांबीला १६ डिग्रीच्या फरकाने अ‍ॅक्रिलिक पाऊण मिमीच्या वर आखडतं, पितळ फक्त पाव मिमीच्या आसपास. उरलेल्या लांबीला जायला जागा नाही, मग पट्टी बाहेर येणारच. खऱ्या कर्टन वॉलमध्ये (इमारतीच्या सांगाड्याला बाहेरून लावलेली काच-धातूची भिंत) यासाठीच सरकते जॉइंट ठेवतात, धातू कायम हलत असतो म्हणून. वाचलेलं होतं, पण हाताने बनवल्याशिवाय डोक्यात उतरत नाही.

तर आता पट्ट्या फक्त वरच्या टोकाला चिकटवल्यात, खालून मोकळ्या. आठ दिवस झाले, दुपार आणि पहाट दोन्ही बघितली, सरळ आहेत. आज मी तिथे बसून राहिलो ते यासाठी.

फक्त वाऱ्याने किंवा हात लागला की हलतात. आणि हे टाइप करता करता सुचतंय, काका म्हणाले तो ताणाच का लावू नये? प्रत्येक पट्टीचं खालचं टोक प्लाझाच्या बेसमधून खाली काढायचं आणि त्याला २० ग्रॅमचा नट टांगायचा. ३१ मिळून ६२० ग्रॅम, अ‍ॅक्रिलिक सहज पेलेल. उष्णतेने लांबी बदलली तरी वजन खाली-वर होईल, पट्टी ताणलेलीच. मध्ये दर दहा मजल्यांवर फणीसारखी खाचांची पट्टी लेझरने कापून लावायची. हे जमलं तर ग्लू जवळपास लागणारच नाही! बेस मात्र ४ सेंटीमीटर उंच करावा लागेल, म्हणजे केलेला ग्रॅनाइट सोडवावा लागणार. चालेल.

रंगाचाही प्लॅन बदलला. मागे अमोनियाच्या वाफेने पितळ तपकिरी करणार म्हणालो होतो, ते आता नाही. ताणाखालचं पितळ अमोनियात तडकतं. ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडेच पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसं अशीच फुटायची. माझी पट्टी रोलरमधून दाबलेली, वरून वजन लटकलेलं, अजिबात धोका घ्यायचा नाही. पातळ तपकिरी लॅकर मारेन, मूळ इमारतीला पण दरवर्षी तेल लावून हिरवं पडू देत नाहीत.

खिडक्यांच्या पडद्यांचं काम मात्र छान झालं. बटर पेपरचे तुकडे आणि तीनच स्थिती, पूर्ण वर, अर्धे, पूर्ण खाली, मूळ इमारतीत भाडेकरूंना तेवढीच मुभा आहे. कुठला कुठे हे नाणं उडवून ठरवलं नाही, रात्रीचा एक फोटो समोर ठेवून एकेक मोजलं. आतून पिवळसर एलईडी लावल्यावर ३८ मजल्यांची काय मजा येते ते व्हिडिओत दाखवतो.

उद्या नट आणि बेससाठी प्लायवूड आणायला जातोय. बाजूच्या भिंतीला तीन गाळे, १९ पट्ट्या, त्यासाठी फणी पुरते. कुणी अ‍ॅक्रिलिकला ०.४ ची खाच लेझरने कापून घेतली असेल तर कडा वितळून बुजतात का ते सांगा, नाहीतर मी त्या पट्ट्या पण फणीच्याच कापून लावतो.