सोसायटीचं बिलिंग ॲप एआयकडून टप्प्याटप्प्याने करून घेतलं, माझा अनुभव

आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स अजून एक्सेलमध्ये निघतो. सेक्रेटरी काका दर महिन्याला शीट कॉपी करतात, थकबाकी हाताने पुढे ओढतात आणि मधेच कोणी अर्धेच पैसे भरले की त्यांची अख्खी संध्याकाळ गेली. मी डेव्हलपर आहे हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत, त्यामुळे हे काम कधी ना कधी माझ्या गळ्यात पडणारच होतं. ऑफिस सांभाळून सगळा कोड स्वतः लिहायला वेळ नाही, म्हणून ठरवलं की एआय असिस्टंटकडून लिहून घ्यायचा, पण "सोसायटी बिलिंग ॲप बनव" असं एका ओळीत सांगून मोकळं व्हायचं नाही. टूलचं नाव मुद्दाम देत नाही, सवयी सगळ्यांच्या थोड्याफार सारख्याच आहेत.

२०२५ च्या फेब्रुवारीत आंद्रे कार्पथी या एआय संशोधकाने व्हाइब कोडिंग असं नाव काढलं, म्हणजे कोडकडे बघायचंच नाही, चालतंय ना मग झालं. वीकेंडला गंमत म्हणून ठीक आहे हो. पण इथे शेजाऱ्यांचे पैसे आहेत आणि जनरल बॉडीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहून "माझं व्याज कसं काढलं सांग" म्हणाल्या तर उत्तर मला द्यायचंय, एआयला नाही.

तर टप्पे असे ठरवले: आधी रिक्वायरमेंट (ॲपने नेमकं काय करायचं), मग डिझाइन, मग कामांची यादी, मग एकेक काम करून टेस्ट, शेवटी रिव्ह्यू. प्रत्येक टप्प्याची एक मार्कडाउन (साध्या टेक्स्टची) फाइल, ती मला पटली की गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये कमिट (पक्की नोंद), मगच पुढे. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये एआयसाठी सूचनांची फाइल ठेवली, त्यात पहिलंच वाक्य: मी "पुढे जा" असं लिहिल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करायचा नाही. आता गंमत बघा, हे लिहूनसुद्धा एआय दोन प्रश्न विचारणार, मी उत्तरं देणार आणि लगेच "छान, आता सगळं स्पष्ट झालं, इम्प्लिमेंटेशन सुरू करतो" म्हणून फोल्डर बनवायला लागणार! विनवण्या करण्यापेक्षा प्लॅन मोड लावला, त्यात तो फाइल्स फक्त वाचू शकतो, बदलू शकत नाही. उत्तर तो चॅटमध्ये देतो, फाइल मी सेव्ह करतो.

सगळ्यात जास्त वेळ रिक्वायरमेंटला गेला आणि सगळ्यात जास्त फायदाही तिथेच झाला. मी त्याला सांगितलं की ही फाइल मराठीत लिही, साध्या मराठीत, कारण ती काकांना वाचायला द्यायची आहे. प्रिंट काढून दिली, दुसऱ्या दिवशी लाल पेनाने रंगून परत आली. वरतीच लिहिलेलं, "अरे हे कोणी सांगितलं त्याला?"

झालं असं होतं की त्याने सगळा मेंटेनन्स स्क्वेअर फुटावर वाटला होता. वाचायला इतकं व्यवस्थित की चुकीचं वाटतच नाही. पण आपल्याकडच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे (महाराष्ट्रातल्या सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅट्सना समान, लिफ्टचा खर्च समान, पाणी नळ किती आणि केवढे त्यावर, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठीची गंगाजळी) बांधकाम खर्चावर वर्षाला किमान पाव टक्का. म्हणजे एकाच बिलात वेगवेगळे हिशोब. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसेल तर लागणारा) त्याने पूर्ण बिलाच्या १० टक्के धरला होता, तो असतो फक्त सर्व्हिस चार्जेसच्या जास्तीत जास्त १० टक्के, त्यात महापालिकेचे कर येत नाहीत. शिवाय १८ टक्के जीएसटीची ओळ स्वतःच्या मनाने टाकलेली, आमची वर्षाची जमा २० लाखांच्या आत आहे, रजिस्ट्रेशनच नाही.

पण त्याला श्रेय द्यायचं तिथे देतो. "गृहीत धरू नकोस, शंका असेल ते विचार" असं सांगितल्यावर त्याने विचारलं की फ्लॅटमध्ये मालक नसून त्याची मुलगी राहत असेल तर नॉन-ऑक्युपन्सी लागेल का? (नाही लागत, जवळच्या कुटुंबीयांना सूट आहे.) मी कितीही विचार केला असता तरी हा प्रश्न मला सुचला नसता. काकासुद्धा म्हणाले, पोरगं हुशार आहे.

डिझाइनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिल्यांदा दिलेलं डॉक्युमेंट इतकं लांब होतं की ते वाचण्यापेक्षा कोड वाचणं परवडलं असतं, तेव्हा नियम केला की एका पानात बसेल तेवढंच. एक गोष्ट मात्र मी अडून बसून बदलायला लावली, रक्कम दशांशात ठेवायची नाही, पूर्णांक पैशांत ठेवायची. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेपटाला ४ घेऊन येतं, आणि आपल्या लोकांना पैशापैशाचा हिशोब लागतो.

खरी मारामारी टेस्टमध्ये झाली. थकबाकीवरचं व्याज सरळव्याज असतं, आमच्याकडे वर्षाला २१ टक्के आहे. म्हणजे ५००० थकले तर महिन्याला ८७ रुपये ५० पैसे आणि पुढच्या महिन्यात त्याच ५००० वर परत तेवढेच. त्याचा कोड मागचं व्याज मुद्दलात मिसळत होता, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात ८९ रुपये ३ पैसे. टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास. आणि त्याने काय करावं, तर टेस्टमधला अपेक्षित आकडाच बदलून ८९.०३ केला आणि म्हणाला सर्व टेस्ट्स पास! मी दाखवल्यावर "तुमचं अगदी बरोबर आहे" वगैरे नेहमीचं सुरू. त्यानंतर अपेक्षित आकडे काकांच्या एक्सेलमधून वेगळ्या फाइलमध्ये काढले, त्या फाइलला हात लावायची परवानगी काढून घेतली, आणि प्रत्येक कमिटआधी डिफ (कोडमध्ये नेमकं काय बदललं ते) स्वतः बघायला लागलो. तो "झालं" म्हणतो त्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही, डिफला आहे.

लांबलेल्या चॅटमध्ये तो सुरुवातीचं विसरतो, जागा भरली की जुनं बोलणं आपोआप थोडक्यात गुंडाळलं जातं आणि त्यात नेमकी महत्त्वाची अट गळते. म्हणून प्रत्येक कामाला नवीन सेशन (कोरी चॅट), पहिलं वाक्य "तिन्ही फाइल्स वाच, यादीतलं पुढचं एकच काम कर". रिव्ह्यूलाही नवीनच सेशन, कारण ज्याने कोड लिहिला त्यालाच विचारलं तर तो कौतुकच करणार, नव्याला फक्त रिक्वायरमेंट आणि डिफ दिला की तो चांगला चावतो. पैसे आले की आमच्याकडे आधी व्याज मग मुद्दल असं वळतं करतात, ते ॲडव्हान्स भरणाऱ्यांच्या बाबतीत उलटं झालेलं त्यानेच पकडलं.

हे सगळं प्रत्येक कामाला करायचं असं म्हणत नाही मी. बटणाचा रंग बदलायला रिक्वायरमेंट फाइल लिहिणारा माणूस वेडा म्हणायचा. पण जिथे नियम डोमेनचे आहेत आणि ते इंटरनेटवर सरमिसळ पडलेत तिथे पहिल्या टप्प्यावर विषय माहीत असलेला माणूस पाहिजेच, आणि तो डेव्हलपर असायची गरज नाही.

सध्या एक्सेल आणि ॲप दोन्ही बरोबर चालवतोय. राउंडिंगचे फरक सोडले तर आकडे जुळतायत, एक फ्लॅट मात्र जुळत नव्हता आणि शोधल्यावर चूक एक्सेलच्या फॉर्म्युल्यात निघाली, ते काकांना अजून पूर्ण पटलेलं नाही. आता कमिटीला पावत्या व्हॉट्सॲपवर पाहिजेत, त्याची रिक्वायरमेंट फाइल काकांकडे गेलीये.