बे एके नामा

परवा दुपारी भाच्याने टोकियोहून फोटो पाठवला. इथे तीन वाजले होते, म्हणजे तिथे साडेसहा. चिंचोळी गल्ली, एका खाणावळीबाहेर लाल कागदी कंदील, आणि शेजारी पांढऱ्या पाटीवर एकच ठसठशीत अक्षर. गंमत म्हणजे ते मला येत होतं! दर शनिवारी पाठीला दप्तर अडकवून जपानीच्या क्लासला जाण्याचं चीज झालं म्हणायचं.

मी तत्परतेने लिहिलं, "'सेई'. जीवन! काय पण तत्त्वज्ञानी लोक, दारावर नुसतं 'जीवन' लिहून ठेवलंय."

उत्तर आलं, "मावशी, ते 'नामा' आहे. इथे ड्राफ्ट बिअर मिळते."

नामा. माझ्या डोळ्यांसमोर आधी नामदेव उभे राहिले, वीणेसकट. मग बिअर आली.

तसं हे अक्षर दिसायला गरीब. पाच रेघा. जमिनीतून वर आलेला कोंब, हे त्याचं मूळ चित्र. पण जपानी सरकारच्या रोजच्या वापरातल्या 2136 कांजींच्या, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांच्या, यादीत या एकट्याला बारा उच्चार दिले आहेत. 'सेई' आणि 'शो' हे दोन चिनी वळणाचे, बाकी दहा घरचे. जगायचं तर 'इकिरु', जन्मायचं तर 'उमारेरु', गवत उगवायचं किंवा दात यायचे तर 'हाएरु'. कच्चं अंडं असेल तर 'नामा', आणि टीव्हीवरचं थेट प्रक्षेपणही 'नामा'च. म्हणजे तेही कच्चंच म्हणायचं. एवढ्याने भागलं नाही म्हणून हिरवळीसाठीच्या 'शिबाफु'त हे अक्षर चक्क 'फु' होऊन बसतं. तो उच्चार बारांत नाही, तो वेगळा पाठ करायचा.

आमच्या 'सेन्सेई'मध्येही हेच अक्षर आहे. सेन्सेई म्हणजे शिक्षक, शब्दशः आधी जन्मलेला. आमच्या सेन्सेई माझ्यानंतर तेवीस वर्षांनी जन्मल्या, पण ते असो. पहिल्याच महिन्यात मी वहीच्या पहिल्या ओळीवर मोठ्या आदराने त्यांना उद्देशून 'सेन्सेई' लिहिलं आणि शेवटची आडवी रेघ विसरले. ती रेघ नसली की अक्षराची गाय होते. सेन्सेईंनी लाल पेनाने खाली रेघ मारली, वर एक छोटं शिंग काढलं आणि वही परत दिली. तेव्हापासून चौकटीच्या वहीत रोज वीसदा गिरवते. या वयात गिरवणं मला आवडतं, हात बिझी राहतो आणि डोकं मोकळं.

पण एकाच अक्षराला इतके आवाज का, म्हणून मी कुरकुरायची. नामाच्या दुपारी कुरकुरता कुरकुरता भिंतीवरच्या कालनिर्णयकडे नजर गेली आणि जीभ चावली. आपला २ काय कमी आहे? एकटा आला तर दोन. बारात 'बा', ब्याण्णवात 'ब्या', दुप्पटीत 'दु'. तिथीच्या चौकटीत छापलेलं असतं 'कार्तिक शु. २', आणि आपण वाचतो भाऊबीज. भटजी त्यालाच द्वितीया म्हणणार, तो त्याचा संस्कृत वळणाचा उच्चार. आणि पाढ्यात 'बे'. दुकानात जाऊन 'बे नारळ द्या' असं आपल्यात कोणी म्हटलंय का? गुजरात्यांची गोष्ट वेगळी.

तिन्हीसांजेला आमच्याकडे परवचा असायचा. शुभंकरोति झालं की पाढे. आम्ही भावंडं मांडी हलवत, डुलत म्हणायचो, आजी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली. बाईला अक्षरओळख नव्हती. घड्याळ वाचता यायचं नाही, तारीख आम्हाला विचारायची. पण तिसापर्यंतचे पाढे, वर पावकी, निमकी, दिडकी, सगळं तोंडात. सुपातले खडे उचलता उचलता कोणी सतरा सत्ते चुकला की ती मान वर न करता "एकोणीसाशे" म्हणायची. म्हणजे एकशे एकोणीस, ते पुन्हा वेगळंच. मी एकदा विचारलं होतं, "आजी, बे म्हणजे काय गं?"

"बे म्हणजे बे. म्हण पुढे."

तिच्याकडे सगळे उच्चार होते आणि अक्षर एकही नव्हतं. माझं नेमकं उलटं चाललंय. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी परीक्षा आहे, तिथे एका कांजीखाली चार उच्चार देतात आणि त्यातला एक निवडायचा असतो. मी चारही वाचते आणि चारही मला खरे वाटतात.

हे सगळं भाच्याला सविस्तर लिहावं म्हणून फोटो पुन्हा उघडला. पाटीच्या डाव्या कडेला त्याचा अर्धा चेहरा आला होता, तो मघाशी मी बघितलाच नव्हता. दाढी वाढवलीय. दाढी वाढवणे, 'हायासु', पुन्हा तेच अक्षर, दहा घरच्यांपैकी एक. ते लिहायला घेतलं. मग फोटो बोटांनी मोठा केला. गालाची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं.

लिहिलेलं खोडलं आणि विचारलं, "जेवतोस ना रे वेळेवर?"