साउंडपोस्ट पडला, पाच आठवडे गेले

एप्रिलची टळटळीत दुपार, लातूर. व्हायोलिनच्या तारा बदलायच्या होत्या आणि मी चारही एकदम सोडल्या. तिथेच चुकलं. आत टक् असं वाजलं, हलवून पाहिलं तर काहीतरी खुळखुळतंय. साउंडपोस्ट पडला होता.

ही स्प्रूस लाकडाची जेमतेम ६ मिलिमीटर जाडीची काडी. चिकटवलेली नसते. घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या, बारीक तारेकडच्या पायामागे, वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये नुसत्या दाबावर उभी असते. तारांचा ताण गेला आणि त्यात आमच्याकडची कोरडी हवा, मग ती कशाला थांबतेय! काडी पडल्यावर तारा ताणू नका, वरची फळी खचू शकते. तारा बदलताना एकेकच बदला.

लातुरात हे काम करणारं कुणी सापडेना, म्हणून एका मोठ्या शहरातल्या दुकानात व्हायोलिन नेऊन दिलं. "चार दिवसांत घेऊन जा," म्हणाले. चार दिवसांनी फोन केला तर कारागीर गावाला गेलेला. पुढच्या आठवड्यात लग्नसराई. त्यानंतर "सर, तुमचंच काम हातात घेतलंय" हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या सोमवारी ऐकलं. फ्रेंच लोक या काडीला 'आत्मा' म्हणतात म्हणे. माझा आत्मा पाच आठवडे त्यांच्या कपाटावर पडून होता, कारण घ्यायला गेलो तेव्हा पेटीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ होती.

पोस्ट उभा केला होता, पण न विचारता घोडीही नवी बसवली होती आणि टेलपीसवर, म्हणजे घोडीमागे तारा अडकवतात त्या तुकड्यावर, चार फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे स्क्रू) चढवले होते. माझी जुनी घोडी कुठंय, विचारलं तर, "ती टाकून दिली सर, झिजली होती." माझ्या गुरुजींनी बसवून घेतलेली घोडी होती ती. घरी येऊन गज फिरवला. आवाज असा, की कुणीतरी वाद्यावर उशी ठेवलीय. तारा इतक्या उंच की मींडेला, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, बोटं दुखायला लागली. फोन केला तर उत्तर तयारच होतं, "नवी घोडी आहे सर. वाजवून वाजवून मोकळी होईल."

मी मूर्खासारखा दोन आठवडे वाजवत बसलो.

मग एका तंबोरावाल्या मित्राने मिरज सुचवलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, मी उलट दिशेने व्हायोलिन घेऊन निघालो. मिरजेची ख्याती सतार-तंबोऱ्याची, पण व्हायोलिन हाताळणारे एक चाचा भेटले. त्यांनी घोडी आडवी धरून पाहिली आणि हसले. "ही कोरलीच नाही हो. ठोकळा लावलाय नुसता." घोडी जाड राहिली की आपल्याच वजनाने आवाज दाबते. म्यूट, म्हणजे आवाज दाबायला घोडीवर बसवतात तो चिमटा, लावल्यावर होतं तेच. पायही फळीच्या गोलाईला बसत नव्हते, खाली कागद सरकत होता. अशी घोडी वर्षभर वाजवली तरी काय मोकळी होणार?

त्यांचा पहिला प्रश्न होता, "सा कुठला?" पाच आठवड्यांत दुकानाने हे एकदाही विचारलं नव्हतं. मी काळी एकला, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला सा धरून, चार तारा प-सा-प-सा लावतो. म्हणजे पाश्चात्त्य मिळवणीत 'ई' असणारी पातळ तार दीड स्वर खाली येते आणि सैल पडते. त्यांनी तिथे जरा जाड गेजची तार सुचवली. दुकानाने ट्यूनरची वजनं लटकवून घोडीमागची तारही आखूड केली होती. घोडीच्या पुढे वाजणारी तार साधारण ३२८ मिलिमीटर असते, मागचा तुकडा तिच्या सहाव्या हिश्शाएवढा, ५४-५५ च्या आसपास लागतो. त्यांनी तीन ट्यूनर काढले. चार हवेच असतील तर टेलपीसमध्येच घडवलेले, हलके घ्या म्हणाले.

अकराला बसलो होतो, उठलो तीनला. घोडी कोरणं, पाय बसवणं, मग वरच्या फळीतल्या फटीतून वाकडी सळई घालून पोस्ट केसभर इकडे, केसभर तिकडे. प्रत्येक वेळी मला वाजवायला लावलं. एका जागी वरची तार किंचाळायची, थोडं सरकवलं की खालचं मंद्र सप्तक भरून यायचं. शेवटी जो सा लागला, त्याला मी लाज न बाळगता दोनदा "वाह" म्हणालो, स्वतःच्याच वाजवण्याला.

एक सांगायचं राहिलं. बारीक करकर येत असेल तर पोस्टला दोष देण्याआधी हनुवटीपट्टीचा स्क्रू बघा, माझा ढिला होता. आणि खुंट्या: मे महिन्यात घसरतात तेव्हा पांढरा खडू, जुलैत अडकतात तेव्हा कोरडा साबण, अगदी थोडा. सुरात लावताना घोडी बोटं फिरतात त्या पट्टीकडे झुकते, तीही अधूनमधून सरळ करत चला.

परवा दुकानातून फोन आला. "सर, तुमची जुनी घोडी सापडली, घेऊन जा." पाठवून द्या म्हटलं. "हो सर, चार दिवसांत."