चेंबरचा नट अन् गेलेले आटे
आज पिकअपचं ऑइल बदलायला घेतलं तर चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट नुसता जागेवर गोल फिरतोय, बाहेर यायचं नावच घेईना. मागच्या वेळी कुणीतरी पान्याला लांब पाइप लावून आवळलेला दिसतोय. नट लोखंडी अन् चेंबर ॲल्युमिनियमचं, मग आटे कुणाचे जाणार, चेंबरचेच. जालन्यातल्या आमच्या चाचांनी कडेला पेचकस घालून खाली ओढत ओढत फिरवला तेव्हा कुठं निघाला, आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली होती. मोठ्या मापाचा नट पण बसतो, पण चाचा म्हणले, "भाऊ, हेलिकॉइल टाकू, म्हणजे आट्यांची तारेची गुंडाळी, नट जुन्याच मापाचा राहील." त्यासाठी नवे आटे पाडायच्या टॅपला ग्रीस चोपडलं म्हणजे धातूचा कीस त्याला चिकटतो, तरी वरून थोडं ऑइल ओतून खालून वाहू दिलं, कारण कीस आत राहिला तर बेअरिंगची वाट लागते. मग तांब्याचा नवा वायसर, नट आधी हातानं पूर्ण बसवला अन् शेवटी पान्यानं बेतानं टाइट. लई जीव लावून काम केलं माणसानं. गॅरेजवाल्या भावांनो, हात जोडून सांगतो, या नटाला पाइप लावू नका, गाडीवर घर चालतं लोकांचं. उद्या पहाटे मोसंबी भरायचीय, त्याआधी एकदा खाली वाकून ठिबकतंय का बघणार.